प्रल्हाद ऑरेंजचं बिननावाचं गाणं

हल्ली आमच्या घरी उन्हाळा दारातून येत नाही, टीव्हीतून येतो. बाहेर कडुनिंबाला अजून धड फुलोरा आलेला नसतो, माळ्यावरचा माठ अजून खाली उतरलेला नसतो, आणि एका संध्याकाळी बातम्यांच्या अलीकडे अचानक पाचपंचवीस तरुण मंडळी समुद्रकाठी उड्या मारायला लागतात. प्रत्येकाच्या हातात थंडगार बाटली. तहान लागल्याचं चिन्ह एकाच्याही चेहऱ्यावर नाही. गाणं मात्र झकास असतं. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी ते गुणगुणत शिकवणीला जाते, बायको त्याच ठेक्यावर कणीक मळते आणि मीही दाढी करताना आरशासमोर एक गिरकी घेऊन पाहतो. माझं वय पाहता ती अर्धीच होते.

पण त्या गाण्यात बाटलीचं नाव किती वेळा यावं? सुरुवातीला नाव, मध्ये नाव, शेवटी सगळ्यांनी मिळून नाव. नाव इतकं स्वस्त झालेलं पाहिलं की मला अकोल्याची वच्छलामामी आठवते आणि गालात हसू येतं. कारण मी शीतपेयाच्या जाहिरातीचं असं एक गाणं ऐकलेलं आहे, ऐकलेलं कशाला, लिहिलेलं आहे, ज्यात पेयाचं नाव एकदाही येत नव्हतं. आणि ते गाणं अख्ख्या ताजनापेठेला पाठ होतं.

तो उन्हाळा अजून माझ्या अंगावर आहे. इंटरची परीक्षा देऊन मी अकोल्याला मामाकडे येऊन पडलो होतो. निकाल लागायचा होता, आणि निकाल लागेपर्यंत माणूस विद्वानच असतो, त्यामुळे माझा थाट मोठा होता. अकोल्याचं ऊन मात्र विद्वान-अडाणी बघत नाही. सकाळी दहाच्या पुढे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. जिनिंगचे भोंगे थंडावलेले, मोर्णेच्या पात्रात नुसते दगड, आणि दुपारी वारा सुटला की कुठल्या तरी गाडीतून सांडलेला कापूस रस्त्याच्या कडेने लोळत जायचा. तो पाहूनसुद्धा गरम व्हायचं.

ताजनापेठेत प्रल्हादमामाचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये हाताने फिरवायचं एक यंत्र आणि भिंतीला टेकून उभं असलेलं गॅसचं नळकांडं. मानेत काचेची गोटी अडकलेल्या त्या हिरवट बाटल्या आता कुठे दिसत नाहीत. अंगठा दाबला की गोटी आत जायची आणि 'फट्ट' असा आवाज करून सोडा नाकात चढायचा. मामाने साध्या सोड्याच्या जोडीला एक नवं पेय काढलं होतं. मृगाच्या बहाराची संत्री फाल्गुनात अमरावतीकडून यायची, त्यांचा रस मामी साखरेत आटवून बरण्या भरून ठेवायची, आणि उन्हाळ्यात तो पाक बाटलीत घालून वरून सोडा भरायचा. त्याला नाव दिलं होतं 'प्रल्हाद ऑरेंज'.

लोक दुकानाला देवाचं नाव देतात, बापाचं देतात, पहिल्या मुलाचं देतात. स्वतःचं नाव देणारा मी पाहिलेला मामा पहिलाच. तसा तो अगदी भिडस्त माणूस. फोटो काढायचा म्हटला तरी दुसऱ्याच्या मागे उभा राहणारा. मग पाटीवर स्वतःचं नाव कसं? मी तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही. विद्वान माणसाला एवढा वेळ नसतो.

त्या वर्षी अकोल्यात मुंबईची एक नवी बाटली आली. पत्र्याच्या टोपणाची. आणि ती एकटी आली नाही, गाणं घेऊन आली. समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर रोज ते गाणं लागायचं. त्यात एक बाई गाता गाता मध्येच अशी काही हसायची, की हॉटेलातले कप विसळणारे हात थांबायचे. मामाला गाण्याचं भयंकर वेड. कुठलंही गाणं लागलं की त्याचा उजवा पाय आपोआप ताल धरायचा. मामा वरून गंभीर चेहऱ्याने गिऱ्हाइकाशी बोलतोय आणि खाली पाय आपल्या नादात नाचतोय, जणू दोघांची ओळखच नाही. त्या मुंबईच्या गाण्यावरसुद्धा तो पाय हलायचा. शत्रूच्या गाण्यावर आपलाच पाय हलतो, याचं मामाला फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी एक नेहमीचं गिऱ्हाईक, सायकल भिंतीला लावत म्हणालं, "प्रल्हादभाऊ, तुमच्या सोड्याचं गानं कोनतं?"

"गानं? सोड्याले गानं कायले पायजे बाप्पा?"

"मंग त्याईच्या बाटलीले हाय ना! बिनागान्याचा सोडा गोड लागत नाई आता."

हे गिऱ्हाईक प्रल्हाद ऑरेंज पिऊन, ढेकर देऊन गेलं. पण मामाच्या मनात काटा ठेवून गेलं. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडताना तो मला म्हणाला, "भास्कर, तू कॉलेजात कविता करतं म्हनतेत. एक गानं करून दे ना सोड्याचं."

मला काय, आग्रहाची गरज नव्हतीच. एका दुपारीत मी 'हे शीतल मधुर सुधाधारे' असं सुरू होणारं एक भव्य काव्य लिहून काढलं. ते ऐकायला सत्तारभाईंना बोलावलं. सत्तारभाईंकडे एक टांगा, एक घोडा आणि एक लाउडस्पीकर अशी तिहेरी मिळकत होती. सिनेमाच्या जाहिराती ते टांग्यातून गावभर फिरवायचे, त्यामुळे कुठलं गाणं चालेल आणि कुठलं आपटेल याचा निवाडा त्यांच्याकडे. त्यांनी डोळे मिटून माझं काव्य पूर्ण ऐकलं, मग घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, ये सोडा बेचना है, के पूल का उद्घाटन करना है?"

मी रुसलो. मग सिनेमाच्या चालीवर दुसरं लिहिलं. पण ते गाणार कोण? मामाचा आवाज बाटलीत अडकलेल्या गोटीसारखा. मी गायला लागलो तर सत्तारभाईंचा घोडा कान मागे टाकून दोन पावलं मागे सरकला. सत्तारभाई म्हणाले, "जानवर झूठ नहीं बोलता."

आम्ही तिघे असे निराश बसलो असताना मागच्या शेडमधून गाणं ऐकू आलं. वच्छलामामी बाटल्या धूत होती. भुलाबाईच्या गाण्याची चाल होती ती. आमच्या वऱ्हाडात आश्विनात पोरी घरोघर भुलाबाई मांडतात, फेर धरून गाणी म्हणतात आणि गाणी संपली की झाकलेला डबा कानाशी हलवून आत खिरापत कसली आहे ते ओळखायचं असतं. मामीचं बालपण तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात गेलेलं, आणि तिथल्या सगळ्या भुलाबाया तिच्या गळ्यात उतरलेल्या. आवाज असा, की ओल्या काचेवरून बोट फिरवावं. तोवर आम्ही सगळे तो रोजच ऐकत होतो आणि म्हणूनच कुणी ऐकला नव्हता.

मामाचा पाय हलायला लागला. सत्तारभाईंनी बिडी विझवली.

"प्रल्हादभाई, सोना घर में पडा है और तुम बाजार में ढूंढ रहे?"

मामी तयार होणार नाही असं आम्हांला वाटलं होतं. ती सहज तयार झाली. टांग्याला मागून लुगड्याचा पडदा लावायचा, आत बसून गाणार, पडदा कुणी उघडायचा नाही, एवढीच अट. मी तिच्या चालीवर नवं गाणं बेतून दिलं आणि यावेळी मात्र विद्वत्ता घरी ठेवली:

*ऊन पडलं बाई, ऊन पडलं,*
*अकोल्याच्या वाटेवर ऊन पडलं.*
*उन्हात चालली लाडाची लेक,*
*लेकीच्या घशाले कोरड पडली.*
*कोरड पडली तं प्यावं काय?*
*संत्र्याच्या रंगाचं, बर्फाच्या अंगाचं,*
*बाटलीत कोंडलं, त्याचं नाव काय?*
*त्याचं नाव प्रल्हाद, प्रल्हाद ऑरेंज!*

मामीने एकदा ऐकलं आणि पाठ म्हणून दाखवलं. काय ते गायली! 'लाडाची लेक' म्हणताना असा हेल घेतला की ती उन्हात चालणारी पोर समोर दिसावी. गाणं शेवटच्या ओळीवर आलं. 'त्याचं नाव', एवढं म्हणून मामी थांबली आणि पदराने बाटली पुसायला लागली.

"मामी, पुढं?"

"पुढं काय? झालं."

"नाव राहिलं ना."

"तू म्हन. तुह्या मामाचं नाव हाय, तुले कोन नाई म्हनते?"

"अहो, पण हे मामाचं नाव नाही, सोड्याचं नाव आहे."

"अन् सोड्याले कोनाचं नाव देलं?"

बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा तेव्हाचा साधा नियम. घ्यायचंच तर लग्नाकार्यात, उखाण्यात. मूल झालं की 'अमक्याचे बाबा' म्हणायची सोय असते. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तीही सोय नव्हती. तिचं सगळं 'आयकता का' आणि 'इकडं पाहा जरा' यावर चालायचं. नंतर माझ्या लक्षात आलं की दुकानात ती एकटी असताना कुणी "बाई, हा सोडा कोनता?" विचारलं, तर ती हातातलं काम सोडून बाहेर यायची आणि बोट वर करून पाटी दाखवायची.

"तो सोड्याचंच नाव बदल डालो," सत्तारभाई म्हणाले. "गंगा रखो, जमुना रखो."

"नाई," मामा म्हणाला. एवढ्या भिडस्त माणसाच्या तोंडून इतका टणक 'नाई' मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यंत्राचा दांडा फिरवत होतो आणि मामा बाटल्या बसवत होता. पत्रा तापून तडतड वाजत होता. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या लग्नात तुह्या मामीनं नाव घेतलं होतं. उखान्यात."

"मग?"

"मंग काय? नेमकं तवाच बँडवाल्यायनं ढोल बडवला. मंडपातल्या साऱ्या लोकायनं आयकलं. मी सोडून."

मी दांडा फिरवायचा थांबलो.

"फिरव, फिरव. गॅस वाया चालला." पुढची बाटली बसवून तो म्हणाला, "म्हनून पाटीवर आपलं नाव टाकलं. म्हटलं, तुही मामी दुकानात बसन, कोनी इचारन, तवा तं सांगाच लागन. तं ते बोट दाखोते." तो हसला. "एकडाव आयकाचं हाय रे, भास्कर. तिच्या तोंडून माह्यं नाव कसं लागते ते. बस. दुसरं काई नाई."

मी निकालाची वाट पाहत होतो आणि हा माणूस लग्नाच्या मंडपापासून एका शब्दाची वाट पाहत होता. माझी वाट एकदम पोरकट वाटायला लागली.

शेवटी तोडगा सत्तारभाईंनी काढला. मामी 'त्याचं नाव' म्हणून थांबेल, तेवढ्यात मामाने लाउडस्पीकरच्या माइकशी बाटली धरून गोटी दाबायची. नावाच्या जागी 'फट्ट'.

पहिल्या संध्याकाळी टांगा निघाला. पुढे सत्तारभाई, मध्ये बर्फाच्या भुशात झोपलेल्या बाटल्या आणि मामा, मागे पडद्याआड मामी, पायरीवर मी. ऊन कलल्यावर अंगणात पाणी मारायला लोक बाहेर येतात तो सुमार. गाणं सुरू झालं, आणि जिथे जिथे भुलाबाईची चाल पोचली तिथे तिथे बाया बादल्या खाली ठेवून दाराशी आल्या. चैत्र-वैशाखात भुलाबाई! 'बाटलीत कोंडलं, त्याचं नाव काय? त्याचं नाव...' फट्ट! आणि मग जे झालं ते आम्हांला कुणालाच सुचलेलं नव्हतं. पोरीबाळींना वाटलं, खिरापत ओळखायची आहे! टांग्याभोवती गलका झाला. "शरबत!" "लिंबू सोडा!" "आंब्याचं पन्हं!" एका चुणचुणीत पोरीने मागच्या दुकानावरची पाटी वाचली आणि किंचाळली, "प्रल्हाद! प्रल्हाद ऑरेंज!"

"बराब्बर!" मामा ओरडला आणि ती बाटली तिच्या हातात दिली.

मुंबईच्या बाटलीचं गाणं लोक ऐकत होते. आमचं गाणं पुरं करत होते. आठवडा-पंधरवड्यात ताजनापेठेत कुठेही 'त्याचं नाव' असं कुणी म्हटलं तरी चहूकडून 'प्रल्हाद!' यायला लागलं. एका लग्नात भटजींनी नवरदेवाला "मुलीचं नाव सांगा" म्हटलं, तर मांडवातली पोरं ओरडली, "प्रल्हाद!" बिचारी नवरी हसू दाबता दाबता रडायला लागली.

सगळं गाव मामाचं नाव घेत होतं. आणि पडद्यामागे एकजण तेवढं नाव वगळून गात होती. प्रत्येक 'फट्ट'च्या आधी मामाचा अंगठा गोटीवर किंचित थांबायचा, हे फक्त मी पाहत होतो. न जाणो, आज म्हणेल. मग दाबायचा.

अमरावतीच्या गांधी चौकातल्या एका मोठ्या हॉटेलवाल्याच्या कानावर हे गेलं. त्याने निरोप धाडला, टांगा आमच्याकडे आणा, गाणं लोकांना आवडलं तर माल ठेवतो. मामाच्या दृष्टीने अमरावती म्हणजे विलायत. आम्ही लाउडस्पीकर, बॅटरी आणि बाटल्यांची खोकी घेऊन गाडीत बसलो. मूर्तिजापूरच्या फलाटावर खोक्यातल्या बाटल्या उन्हाने तापू नयेत म्हणून मामीने उन्हासाठी डोक्यावरून घेतलेली शाल भिजवून त्यांच्यावर टाकली आणि पुढचा प्रवास डोक्यावर नुसता पदर घेऊन केला. बडनेऱ्याला गाडी बदलली. सगळ्या प्रवासात बाटल्या घुसळून निघाल्या. सोडा भरणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण मामाचं लक्ष सोड्यावर नव्हतं.

अंबादेवीच्या दर्शनाहून परतणारी माणसं चौकात थबकली. भाड्याच्या टांग्याला आमचा पडदा लागला. हॉटेलवाला पायरीवर हाताची घडी घालून उभा राहिला. मामीने गाणं सुरू केलं. अमरावतीसाठी मी 'अंबानगरीच्या वाटेवर ऊन पडलं' असा बदल करून दिला होता. तो लोकांना आवडला, एकदोघांनी मान डोलावली. गाणं शेवटच्या ओळीवर आलं.

'त्याचं नाव...'

मामाने अंगठा दाबला. गोटी हलली नाही. घुसळलेल्या गॅसने ती आतून गच्च धरून ठेवली होती. मामाने दोन्ही अंगठे लावले. काही नाही. अकोल्यात असतो तर लोकांनी नावाने चौक दणाणून सोडला असता. पण इथे कुणाला गाणं ठाऊक नव्हतं, नाव ठाऊक नव्हतं, आणि पाटी अकोल्याला दुकानावर होती. लोक नुसते बघत होते.

मामीने ओळ पुन्हा घेतली. 'बाटलीत कोंडलं, त्याचं नाव काय? त्याचं नाव...'

मामा टांग्यात गुडघ्यावर बसून, बाटली छातीशी धरून, लाकडी ठोकणीने गोटी ठोकत होता. हॉटेलवाल्याने घडी सोडून हात कमरेवर ठेवले. माझ्या घशाला खरोखरीची कोरड पडली. तेवढ्यात गर्दीतून एकजण हसून म्हणाला, "काहो बाई, नावच नाई का बाप्पा त्याले? बेवारस हाय का?"

लोक हसले. आणि पडद्यामागून आवाज आला. गाण्यातला नव्हे. भांडणातला.

"काहून बेवारस? *प्रल्हाद* नाव हाय त्याचं! प्रल्हाद!"

लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून ते नाव बाहेर पडलं आणि चौकाच्या चारी भिंतींवर आपटून परत आलं. नेमकं त्याच क्षणी मामाच्या हातातली बाटली फुटली. नुसती उघडली नाही, कानाशी फुटली, धडाम! घोडा उधळता उधळता राहिला. संत्र्याच्या रंगात न्हालेला मामा एका हाताने कान धरून उठून उभा राहिला. काच कुठे लागली नाही हे नशीब. लोक टाळ्या वाजवत होते, पुढे सरसावत होते, हॉटेलवाला हसत हसत पायऱ्या उतरत होता.

"काय झालं?" मामा मला ओरडून विचारत होता. "काय झालं रे?"

"मामा, नाव घेतलं!"

"आं?"

"मामीनं नाव घेतलं! तुमचं! दोनदा!"

"मोठ्यानं बोल! कानात घंटा वाजून राहिली!"

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. त्याला कळलं. ओठांवरून कळलं असावं. त्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता. अख्ख्या अमरावतीने ऐकलं होतं, एक माणूस सोडून. दुसऱ्यांदा. आधी ढोलाने आणि आता त्याच्या स्वतःच्याच सोड्याने. मी आयुष्यात पुष्कळ विनोदी प्रसंग सांगून मैफली हसवल्या आहेत, हाही सांगतो. पण मामाच्या हनुवटीवरून संत्र्याचे थेंब गळत होते आणि तो पडद्याकडे बघत उभा होता, इथे आलो की मला घोटभर पाणी प्यावं लागतं.

परतीच्या गाडीत मामाने एकदाच म्हटलं, "पुन्हा एकडाव..." मामीने खिडकीबाहेर पाहत नकाराची मान हलवली. ते रागात निघालं होतं, ठरवून निघणार नव्हतं.

अकोल्याला डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, पडदा शाबूत आहे, थोड्या दिवसांत ऐकू येईल. तोवर माझा निकाल लागला. तिसरा वर्ग. विद्वत्ता संपली आणि मी नोकरीच्या मागे लागलो. निघताना मामाच्या पाया पडलो, तर तो आशीर्वाद ओरडून देत होता, बहिऱ्या माणसासारखा.

आणि मामाला पुढे ऐकू आलंच नाही. म्हणजे सगळ्यांना असंच माहीत आहे. त्या वर्षीच्या आश्विनात ताजनापेठेच्या पोरींनी भुलाबाईपुढे सोड्याचं गाणं म्हटलं, शेवटी 'प्रल्हाद!' म्हणून कल्ला केला, तेव्हा मामा ओट्यावर मख्खपणे बसून होता म्हणतात. अमरावतीच्या हॉटेलात माल काही वर्षं चालला. मग पत्र्याच्या टोपणांनी गोट्यांना हरवलं, जसं सगळीकडेच हरवलं. यंत्र भंगारात गेलं. पाटी तेवढी मामाने ठेवली. घरात, दिवाणाच्या वर.

गेल्या उन्हाळ्यात नवतपाच्या, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या, ऐन काहिलीत मी अकोल्याला गेलो. मामा दिवाणावर बसला होता, बराच वाळलेला. मामी आतून आली, मला पाहून हरखली आणि मामाच्या पाठीमागे उभी राहून साध्या आवाजात म्हणाली, "प्रल्हाद, पाहा, कोन आलं! भास्कर आला. चहा पिता का, प्रल्हाद?"

मी गार. एकेरी नाव आणि पुढे आदराचं क्रियापद! असं व्याकरण मी कुठे पाहिलं नव्हतं. मामी समोर आली, मामाला हाताने खूण केली, कप दाखवला. मामाने मान हलवली.

"मामी, नाव घेता तुम्ही?"

"आयकू कुठं येते त्याईले?" ती म्हणाली. "आयकूच येत नाई तं घेतलं काय अन् नाई घेतलं काय."

ती चहा करायला आत गेली. मामाने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजत म्हणाला, "तू गेला, अन् त्याच हप्त्यात कान सुटला होता माह्या."

"काय?"

"हळू! सकाळी पडलो होतो. कानातली घंटा थांबली. अन् पयलं काय आयकलं? ते माठापाशी उभी होती, पाठमोरी. देवाले सांगत होती, 'माह्या प्रल्हादचा कान बरा कर.' " मामाचे डोळे चमकले. "मंग म्हटलं, देवानं आयकलं असं हिले कळलं, तं हे नाव पुन्हा बंद. मंग कायले बरं व्हाचं?"

इतकी वर्षं. हा गाण्यांचा वेडा माणूस इतकी वर्षं रेडिओसमोर भिंतीसारखा बसला. विनोदावर हसला नाही. पाहुण्यांनी कानाशी केलेला आरडाओरडा सोसला. एका शब्दासाठी बाकी सगळ्या शब्दांवर पाणी सोडलं. (हा अंक अकोल्याला कुणी धाडू नये, ही हात जोडून विनंती.)

निघताना मामी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन फाटकापर्यंत आली. इकडे तिकडे पाहून म्हणाली, "काय कुजबुज चालली होती मामाभाच्याची?"

"कुठं काय."

"मले नोको शिकवू. रेडिओ लावला का पाय हालते त्याईचा. तालावर. भयऱ्या मानसाचा पाय तालावर हालते का रे?"

मी बरणी छातीशी धरून उभा राहिलो. "कधीपासून माहीत आहे तुम्हांला?"

"पयल्या उन्हाळ्यापासून."

"मग मामी, तरी तुम्ही नाव..."

"मंग काय करू? आयकू येते असं मी म्हटलं, तं मले घेता येईन का नाव?" तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "अन् वाट पायते ना रे तो मानूस. सकाळी उठला का पयले तेच आयकाचं राह्यते त्याले. सांगजो नोको त्याईले."

समोरच्या घरातल्या टीव्हीवर समुद्रकाठची मंडळी उड्या मारत होती. गाणं रस्त्यापर्यंत येत होतं. मामीने फाटकातूनच घराकडे तोंड केलं आणि हाक मारली. तोच हेल, ओल्या काचेवरून बोट फिरवल्यासारखा.

"प्रल्हाद! भास्कर चालला होऽ!"

आतून अर्थातच काही उत्तर आलं नाही.